रोजगार : एकूण, पैकी स्थानिक

बजाजनगरच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला लागून भिंतीत एक खिळा आहे. पत्र्याच्या जागी स्लॅब आला, ओटा बदलला, भिंतीचे रंग बदलले, खिळा तोच राहिला. दर जानेवारीत त्यावर नवं कॅलेंडर लागतं. लहानपणी त्या कॅलेंडरच्या चौकोनांत दोन तऱ्हेच्या नोंदी असायच्या. एक आईची, दुधाची : एक, दीड, खाडा. दुसरी अण्णांची : फ, से, ना. फर्स्ट, सेकंड, नाइट शिफ्ट. घराचा सगळा कारभार त्या एका अक्षरावर चालायचा. ‘ना’ असलं की दुपारी आम्ही भावंडं पाय न वाजवता फिरायचो. ‘से’ असलं की रात्री उशिरा फाटकाची कडी वाजायची आणि आई झोपेतून उठून तवा पुन्हा तापवायची.

ती अक्षरं चौतीस वर्षं उमटत राहिली. माझं बी.कॉम., भावाचं लग्न, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गावाकडच्या विहिरीची दोन परस खुदाई, सगळं त्यांतूनच निघालं.

अण्णा अंबड तालुक्यातले. ७२च्या दुष्काळात ते दहा वर्षांचे होते. आजोबा-आजी खडी फोडायला दुष्काळी कामावर जायचे, तिथे मिळणाऱ्या सुकडीची चव अण्णा अजून सांगतात. पुढे जालन्याला आयटीआयत टर्नरचा कोर्स केला आणि १९८६ साली पत्र्याची एक पेटी घेऊन ते औरंगाबादजवळच्या वाळूजला आले. बजाज ऑटोचा कारखाना आदल्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १९८५ रोजी सुरू झाला होता. उद्घाटनाला राष्ट्रपती झैलसिंग आले होते आणि उजाड माळावर अवघ्या सोळा महिन्यांत तो उभा राहिला होता. अण्णा लागले ते दुसऱ्या एका कंपनीत, पण त्या काळी वाळूजला जो कुणी लागला तो त्या मोठ्या कारखान्याच्या ओढीनेच लागला. एका मोठ्या कारखान्यामागे सुटे भाग करणारी शंभर शेडं आली, शेडांमागे खोल्या, खोल्यांमागे किराणा, पिठाची गिरणी, मेस. रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर, वडगाव कोल्हाटी ही तेव्हाची साधी खेडी. आज तिथे मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्याची बोली ऐकू येते.

मी शहरातल्या एका सीएंच्या ऑफिसात काम करते. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर. गेली तेरा वर्षं माझ्या टेबलावर लहान-मध्यम कारखान्यांच्या अनुदानाच्या फाइली आहेत. सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना नावाची योजना आहे, तिचे दावे आम्ही तयार करतो. ज्या सवलतींच्या जोरावर कारखाने इकडे आले आणि अण्णांच्या पेटीला जागा मिळाली, त्याच सवलतींचे कागद आज मी भरते. हे सुरुवातीला माझ्या लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं तेव्हा त्या कामाबद्दल मला फार जिव्हाळा वाटू लागला, आणि काही प्रश्नही पडू लागले.

आधी जिव्हाळ्याचं सांगते. आमच्या शहरात कारखाने आपसूक येणार नव्हते. इथे बंदर नाही. रेल्वे होती ती मीटरगेज, म्हणजे मुंबईकडे जाणारा माल मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचा. ब्रॉडगेज इथवर यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. मराठवाडा निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ला सुटला, तेव्हा शाळा, रस्ते, वीज, सगळ्यात मागे होता. १९७४ साली विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते नोकऱ्या आणि विकास मागायला. मुक्तिसंग्रामातल्या गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं आयुष्यभर हेच मागत राहिली. पुढे दांडेकर समितीने १९८४च्या अहवालात राज्याच्या निरनिराळ्या भागांचा अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, आकड्यांत मांडला. अशा ठिकाणी कुणी भांडवलदार स्वतःच्या हिशेबाने येत नाही. त्याला बोलवावं लागतं.

आणि सरकारने बोलावलं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. जमीन घ्यायची, तिथे रस्ता-पाणी-वीज न्यायची आणि आखलेला प्लॉट उद्योजकाच्या हाती द्यायचा, हे तिचं काम. १९६४ साली प्रोत्साहन योजना आली. तिचा हेतू सरळ होता : मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात दाटलेले उद्योग राज्यभर पसरावेत. त्यासाठी तालुक्यांचे गट केलेले असतात. अ, ब, क, ड, ड प्लस. जो भाग जितका मागास तितकं त्याचं अक्षर पुढचं आणि तितकी सवलत जास्त. पूर्वी विक्रीकराची माफी असे किंवा तो काही वर्षांनी भरण्याची मुभा असे. आता राज्याच्या वाट्याच्या जीएसटीशी जोडलेलं अनुदान मिळतं, शिवाय विद्युत शुल्काची आणि मुद्रांक शुल्काची माफी. शाळेत ‘ड’ मिळाला की रडणाऱ्या मला, आपला मुलूख ड आहे म्हणून आपलं घर चाललं, हे कळलं तेव्हा काही क्षण हातातलं पेन खाली ठेवावंसं वाटलं होतं.

आणि पाणी. जायकवाडीच्या नाथसागरातून एमआयडीसीचं पाणी येतं. त्याच धरणाचं पाणी शहरालाही येतं, पण माझ्या शहरातल्या मैत्रिणींच्या घरी नळ कित्येक दिवसांच्या खंडाने येतो आणि प्लॉटांवर रोज येतो. धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची पोरं त्याच पाण्यावर चालणाऱ्या कारखान्यांत कामाला आली. हे पाणी माझ्याही ताटात आहे, म्हणून त्याविषयी मी वरच्या आवाजात बोलू शकत नाही.

आता फाइलीचं. दाव्याच्या फाइलीचा जाडजूड भाग असतो ‘स्थिर भांडवली गुंतवणूक’. जमीन, इमारत, यंत्रसामग्री. प्रत्येक यंत्राचं बिल, पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा, सीएचं प्रमाणपत्र. संगणकावर चालणारं सीएनसी मशीन कोणत्या तारखेला आलं, कधी बसलं, त्याचा सिरियल नंबर काय, हे सगळं लागतं. एखादं मशीन जुनं निघालं तर तेवढी रक्कम वजा होते. मशीन विकून टाकलं तर विचारणा होते. अनुदानाची कमाल मर्यादा याच गुंतवणुकीच्या टक्क्यांत ठरते, म्हणून ही छाननी रास्तच आहे.

मग शेवटाकडे एक पान येतं. रोजगार : पुरुष, स्त्रिया, एकूण, पैकी स्थानिक. पर्यवेक्षकांत निदान पन्नास टक्के आणि बाकीच्यांत ऐंशी टक्के स्थानिक हवेत, हे राज्याचं १९६८पासूनचं धोरण. त्याला जोडून भविष्यनिर्वाह निधीच्या भरण्याची यादी लावायची. बस्स. मशीनला नंबर विचारतात, माणसाची फक्त बेरीज घेतात. (स्त्रियांच्या रकान्यात मी कितीदा शून्य लिहिलं असेल, याचं एक वेगळं दुःख आहे. ते पुन्हा कधीतरी.)

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी एका कारखान्याची यादी तपासत होते आणि एका नावापाशी थांबले. माझा पुतण्या. आयटीआय फिटर, चोवीस वर्षांचा. तो तिथे सात महिने होता हे मला ठाऊक होतंच, त्यामुळे नावाचं नवल नव्हतं. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कारखान्याची, आधीच्या वर्षाची फाइल माझ्याकडे त्रुटी दुरुस्तीसाठी परत आली होती. तिच्या यादीतही तो होता. दोन्ही याद्या मी शेजारी-शेजारी ठेवल्या. तोच माणूस, तोच यूएएन नंबर, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक. दोन्ही फाइलींच्या बेरजेत तो एक-एक आकडा होऊन बसला होता. दोन रोजगार निर्माण झाले होते. त्या आठवड्यात तो स्वतः घरी होता, ब्रेकवर.

‘ब्रेक’ हा शब्द वाळूजमध्ये वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. महाराष्ट्रातल्या नमुना स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या नियमांत, एक कलम वर्षानुवर्षं राहिलेलं आहे : तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस अखंड भरले की त्याला कायम करायचं. अण्णा याच आधारावर परमनंट झाले. ज्या दिवशी पत्र हातात आलं त्या दिवशी त्यांनी छोट्या पंढरपूरच्या विठ्ठलापुढे नारळ फोडला आणि येताना आईसाठी पातळ आणलं. माझ्या पुतण्याच्या पिढीला तेच कलम उलट्या बाजूने भेटलं. २४० भरू द्यायचेच नाहीत, म्हणून सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ द्यायचा. मग महिना-दोन महिने घरी, मग दुसरं गेट, नवा बॅज, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. पाच वर्षांत त्याची पाच गेटं झाली.

यात खोटं काहीच नव्हतं, हेच मला जास्त लागलं. दोन्ही याद्या खऱ्या होत्या. दोन्ही मालकांना मी ओळखते. त्यांतले एक स्वतः पूर्वी ऑपरेटर होते. बायकोचे दागिने गहाण टाकून त्यांनी पहिलं लेथ घेतलं. त्यांना मोठ्या कंपनीचं महिन्याच्या मागणीचं शेड्युल येतं, ते कधी निम्म्यावर उतरतं. मालाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात, अनुदान मंजूर झालं तरी खात्यात पडायला वेळ लागतो, आणि बँकेचा हप्ता मात्र तारखेला जातो. मी त्यांना एकदा विचारलं, “साहेब, ही पोरं टिकवता येत नाहीत का?” ते म्हणाले, “ताई, मशीन रिकामं उभं राहिलं तरी त्याचा हप्ता आहेच. माणूस रिकामा उभा राहिला तर मी कुठून देऊ?” त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती. मला त्यांचा राग आला नाही.

प्रश्न आखणीचा आहे. सरकार ज्या गोष्टीवर पैसा मोजतं, ती गोष्ट कारखानदार जपतो. मशीनवर मोजलं, मशीन जपलं गेलं. माणूस किती दिवस टिकला यावर मोजलं असतं तर मालकाच्या हिशेबात माणसालाही खुर्ची मिळाली असती. एवढंच मला म्हणायचं आहे आणि हे मी तेरा वर्षं रोज तेच पान भरून म्हणते आहे.

सवलत स्वतःही एका जागी थांबत नाही, हे आम्ही २००३नंतर पाहिलं. उत्तराखंड-हिमाचलात नवे कारखाने काढणाऱ्यांना केंद्राने दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ केलं. २००७ साली बजाजचा कारखाना पंतनगरला सुरू झाला. आमच्याकडच्या सुट्या भागांच्या कंपन्यांनीही तिकडे शेडं टाकली. अण्णांच्या ओळखीतले दोघे-तिघे तिकडच्या पोरांना काम शिकवायला जाऊन आले. परत आल्यावर त्यांतला एक कट्ट्यावर बसून म्हणाला होता, “आपलंच काम आपण हातानं देऊन यायलो.” ते ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तिकडचीबी लेकरंच हायेत.” तिकडच्या पोरांना काम मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. पण एका राज्यासाठी दिलेली माफी दुसऱ्या राज्यातला कारखाना ओढून नेते तेव्हा जाणारा कारखाना सोबत मशीनं नेऊ शकतो. बजाजनगरचं घर, पोरांची शाळा, म्हातारी आई कामगाराला उचलून नेता येत नाही.

सरकारचीच मदत, पण मागे उरणारी, अशीही आमच्याकडे आहे. चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम घ्या. तिथे डाय, मोल्ड, टूल बनवायला शिकलेली पोरं आज देशभर आहेत. कुठली कंपनी बुडाली तरी त्यांच्या बोटांतलं काम बुडत नाही. वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर घ्या. ज्या लहान कारखानदाराला महागडं तपासणीचं यंत्र परवडत नाही, तो तिथे आपला पार्ट नेऊन तपासून आणतो. ही मदत कुणा एकाच्या ताळेबंदात जात नाही. कुंपण उठलं, बोर्ड उतरला, तरी ती गावातच राहते. चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एके काळी पैठण रोडला त्या कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं थांब्या-थांब्यावर दिसत. पुढच्या काळात ज्यांच्या हाती चांगलं टूलचं काम होतं ती माणसं उभी राहिली. ज्यांना एका लाइनवर एकच स्क्रू बसवायची सवय होती, त्यांचे हाल मी पाहिले आहेत.

गेल्या दिवाळीनंतर अण्णांना स्कूटीवर घेऊन मी बिडकीनला गेले. शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकरांवर ऑरिक नावाची औद्योगिक नगरी झाली आहे. पंतप्रधानांच्या हस्ते सप्टेंबर २०१९मध्ये तिचं लोकार्पण झालं. जमिनीला एकरी तेवीस लाख भाव मिळाला होता. टोयोटा किर्लोस्करने २०२४ साली राज्याशी सामंजस्य करार केला, सुमारे वीस हजार कोटींची गुंतवणूक आणि आठ हजार थेट नोकऱ्या. एथरचाही दुचाकींचा कारखाना ठरला. रस्ते इतके रुंद की स्कूटी अगदी एकटी वाटत होती. तारा-केबली सगळ्या जमिनीखाली. दुभाजकात नुकतीच लावलेली झाडं. अण्णा उतरले, वाकून रस्त्याकडेची माती हातात घेतली. “काळी हाय,” म्हणाले. “कापूस चांगला आला असंल इथं.”

मी त्यांना टोयोटाचा आकडा सांगितला. आठ हजार.

“परमनंट?” त्यांनी विचारलं.

अण्णांनी हा प्रश्न माझी परीक्षा घ्यायला विचारला नव्हता. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांच्या लेखी कामाच्या आकड्यानंतर येणारा तो साधा पुढचा प्रश्न होता, जसं शेताचा आकडा ऐकल्यावर माणूस ‘बागायती का कोरडवाहू’ विचारतो. आमच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न नाही. मोठ्या प्रकल्पांनाही ‘मेगा’ दर्जासाठी गुंतवणूक इतकी किंवा रोजगार इतका अशी अट असते. त्या ‘किंवा’वर माझी नजर नेहमी अडखळते.

अलीकडे मात्र एक गोष्ट घडली आणि मला तिचा मनापासून आनंद झाला. केंद्राची विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५पासून सुरू झाली. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्याला पंधरा हजारांपर्यंत रक्कम मिळते, दोन हप्त्यांत : पहिला सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिने टिकल्यावर. मालकालाही प्रत्येक वाढीव माणसामागे महिन्याला तीन हजारांपर्यंत मिळतात, पण माणूस निदान सहा महिने टिकला पाहिजे. कारखान्यांसाठी हे चार वर्षं चालतं. परिपत्रक वाचताना मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. ‘तोच माणूस अजून आहे का?’ हा प्रश्न माझ्या नोकरीत एखाद्या कागदाने मला पहिल्यांदा विचारला होता. आणि यूएएन नंबर २०१४पासून प्रत्येकाला आहेच, म्हणजे हे तपासणं अवघडही नाही. राज्याच्या अनुदानाचा निदान एक हिस्सा असाच बांधावा. पहिल्या वर्षीच्या यादीतली किती नावं तिसऱ्या वर्षीच्या यादीत आहेत ते पाहावं आणि त्या प्रमाणात द्यावा. लहान कारखानदाराला त्यात थोडी जास्तीची मदत द्यावी, कारण शेड्युल पडलं की पहिला मार त्यालाच बसतो. मी आमच्या साहेबांना हे लिहून दिलं आहे. उद्योजकांच्या संघटनेच्या बैठकीत मांडतो म्हणाले आहेत.

पुतण्याला त्या योजनेतलं काही मिळणार नाही. पाच वर्षांपूर्वीच्या पहिल्या गेटावरच त्याला यूएएन मिळाला, त्यामुळे तो ‘पहिल्यांदा नोकरीला लागलेला’ उरलेला नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आत्या, मग धाकट्याला तरी मिळंल ना?” धाकटा यंदा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

सध्या पुतण्या वाळूजच्या के-सेक्टरमधल्या एका शेडमध्ये आहे. काम मनासारखं आहे म्हणतो, फिक्स्चर बसवायला शिकवलं आहे त्याला. सुपरवायझरनी “बघू, वरती बोलतो” म्हटलं आहे. अशा वाक्याला किती धरायचं हे आमच्या घरात कुणालाच कळत नाही, पण आई ते वाक्य शेजारणीला सांगून आली आहे.

परवा रविवारी मी माहेरी गेले होते. चहा होईपर्यंत सवयीने कॅलेंडरपाशी उभी राहिले. दुधाचे आकडे आता नाहीत, पिशवीचं दूध येतं. पण चौकोनांच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलने आकडे होते. १९६, १९७, १९८. मध्ये एका तारखेला खाडा, त्याला ताप आला होता तेव्हाचा. अक्षर पुतण्याचं नव्हतं, अण्णांचं होतं. दिवस संपला, पोरगं घरी आलं, की ते चष्मा लावून उठतात आणि पुढचा आकडा लिहितात. मी पान उलटलं. पुढच्या महिन्यातल्या एका तारखेभोवती त्यांनी गोल केला होता आणि त्या गोलात काहीच लिहिलं नव्हतं.